मुदतवाढीचा बाक

मी बाक बोलतोय. शाळेतला नव्हे, बागेतला तर नव्हेच. फुटबॉलच्या मैदानाकडेला पत्र्याच्या छपराखाली जिथे राखीव खेळाडू बसतात आणि आपल्याला आत कधी पाठवतील याची वाट बघतात, तो मी. माझ्यावर बसणं कुणालाच आवडत नाही. सत्तावीस वर्षं हा अपमान गिळतोय, त्यामुळे बोलण्यात जरा तिरकसपणा आला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका जिन्यातून झाला. क्लबच्या जुन्या कचेरीचा लाकडी जिना मोडला, तेव्हा सुताराने त्यातल्या धड पायऱ्या निवडल्या, रंधा मारला आणि मला उभं केलं. आधी लोक तुला तुडवत होते, आता नुसते बसतील, बढती झाली समज, असं तो खिळे ठोकता ठोकता म्हणाला होता. भला माणूस होता.

इतकी वर्षं बूड टेकणारे बघून मला एक विद्या आली आहे. खेळाडू कसा बसतो यावरून त्याच्या कराराची मुदत किती उरली ते मी सांगू शकतो. चार वर्षं बाकी असलेला पाठ टेकून, पाय लांब सोडून बसतो आणि सामना चालू असताना जांभया देतो. ज्याचा करार या उन्हाळ्यात संपणार, तो काठावर टेकतो न टेकतो. बुटाची नाडी चारदा सोडून बांधतो, कोच नुसता खाकरला तरी ताडकन उठतो. मला विचाराल तर क्लबने खेळाडू निवडायला माझा सल्ला घ्यावा. पण बाकाला कोण विचारतो?

गंमत अशी की करारांचे निर्णय माझ्यावरच व्हायचे. आत कचेरीत बैठकीची खोली आहे, लांबलचक टेबल आहे. पण तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत खेळाडूंच्या एजंटांना कळायचं. भिंतींना कान असतात म्हणून करार समिती दर गुरुवारी दुपारी रिकाम्या मैदानात येऊन बसायची. बाकाच्या कानांचा विचार कुणी केला नाही.

समिती तिघांची. एक मालकांचे जावई. यांनी स्वतः कधी चेंडूला पाय लावला नव्हता, म्हणून ते निःपक्षपाती आहेत असं मालकांचं मत होतं. सगळे त्यांना तोंडावर साहेब आणि पाठीमागे जावईबापू म्हणत. दुसरा कोच, केस पांढरे, घसा कायम बसलेला. तिसरा आकडेमास्तर. प्रत्येक खेळाडूच्या बंडीत पाठीवर एक डबी असे, ती तो किती धावला, किती वेगात धावला ते मोजायची. आकडेमास्तर ते सगळं लॅपटॉपमध्ये घालून प्रत्येकाला गुण द्यायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त सामना चालू असताना तो मैदानाकडे बघत नसे, कारण बघितलं की मत बनतं, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या वर्षी प्रश्न होता खुंट्याचा.

खुंटा म्हणजे आमचा डावा बचावपटू. वय चौतीस. आपल्या जागेवरून हलत नाही म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. समोरचा चेंडू घेऊन वळला की हा आधीच तिथे उभा. पास यायच्या आत वाट बंद. तो कधी घसरून पडायचा नाही, कपडे मळायचे नाहीत. त्याच्या बाजूला काही घडतच नसे आणि न घडण्याला टाळ्या मिळत नाहीत. उजवीकडे होता भिंगरी. तेवीस वर्षांचा, चेहऱ्याने गोड आणि कायम चुकीच्या जागी. चूक झाली की ती निस्तरायला तो जीव तोडून पळायचा. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायचे. दर सामन्याला सगळ्यात जास्त धावणारा भिंगरी, सगळ्यात कमी धावणारा खुंटा. गुणांच्या कागदावर पहिलं नाव भिंगरीचं, शेवटचं खुंट्याचं.

खुंट्याला दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती आणि ती कशासाठी, हे समितीला ठाऊक नव्हतं, मला होतं. त्याला पंधरा वर्षांची मुलगी होती. शाळा सुटली की ती मैदानावर यायची आणि बापाचा सराव संपेपर्यंत माझ्यावर वह्या पसरून अभ्यास करायची. बाप क्लब बदलत गेला तशी ही शाळा बदलत गेली. ही सहावी. दरवेळी वर्गात नवी मुलगी हीच. इथे पहिल्यांदा तिला जिवाची मैत्रीण मिळाली होती. खुंट्याने तिला शब्द दिला होता, की आता शाळा संपेपर्यंत हलायचं नाही. शाळा संपायला दोन वर्षं होती आणि करार संपायला दोन महिने.

त्या गुरुवारी आकडेमास्तरने कागद पुढे केला. जावईबापूंनी चष्मा वर करून बघितला आणि हा गडी खेळतो की पहारा देतो, असं विचारलं.

कोच म्हणाला, “साहेब, तो धावत नाही कारण त्याला धावावं लागत नाही. गेल्या वर्षभरात त्याच्या बाजूने तीन गोल झालेत. फक्त तीन.”

आकडेमास्तरने अगदी प्रामाणिकपणे अडचण सांगितली. “सर, झालेले गोल लिहिता येतात. न झालेल्या गोलाला रकाना नाही.”

शेवटी ठरलं, की पाच सामने उरलेत, त्यात खुंट्याचे गुण वाढले तर मुदतवाढ, नाहीतर नारळ.

बैठकीतलं बाहेर सांगायचं नाही असा नियम होता. कोचने तो दुसऱ्याच दिवशी मोडला. सराव संपल्यावर खुंट्याला माझ्यावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हणाला, “तू धाव बाबा.”

“कुठे धावू?”

“कुठेही. डबीला दिशा कळत नाही.”

खुंट्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग उठून गेला.

पुढच्या सामन्यापासून त्याने जे केलं ते बघून माझ्या फळ्या करकरल्या. तो मुद्दाम चार पावलं चुकीच्या जागी उभा राहायचा. समोरचा त्याला चकवून पुढे गेला की हा मागून वाऱ्यासारखा पळत जायचा. कधी गाठायचा, कधी नाही. कपडे मळले, गुडघे फुटले. प्रेक्षक त्याच्यासाठी पहिल्यांदाच उभे राहिले. चार सामन्यांत आम्ही तीन हरलो, एक कसाबसा बरोबरीत सुटला. गोलरक्षक तर चक्रावूनच गेला. चार वर्षं डावीकडे बघायची गरज पडली नव्हती, आता डावीकडून वरात येत होती.

आणि समिती खूश. आकडेमास्तर म्हणाला, खुंट्याचा आलेख सरळ वर गेलाय. जावईबापूंनी याचं श्रेय स्वतःकडे घेतलं. माणसाला जरा कोंडीत पकडलं की चौतिशीतही जवानी येते, हे त्यांनी सासऱ्यांनाही फोन करून सांगितलं. संघ मात्र घसरत घसरत अशा जागी आला, की शेवटचा सामना हरला तर खालच्या गटात रवानगी. त्याचं खापर गोलरक्षकावर फुटलं. खालच्या गटात गेलो तर पहिली गच्छंती त्याची, हेही ठरलं.

फसली नाही ती मुलगी. एका संध्याकाळी वही मिटून तिने बापाला विचारलं, की तू आजकाल असा वेड्यासारखा का पळतोस? खुंट्याने, कोचचं नवं तंत्र आहे, असं काहीतरी सांगितलं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा वही उघडली.

शेवटच्या सामन्याआधीच्या गुरुवारी खुंट्याच्या कराराचा कागद छापून आला. दोन वर्षं. फक्त या सामन्यात आकडा असाच राहायला हवा, मग सही. कोचने हेही त्याच्या कानावर घातलं.

सामना सुरू झाला. खुंटा पळत होता. विसाव्या मिनिटाला त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेतून समोरचा आत शिरला आणि गोल झाला. गोलरक्षक जाळ्यातला चेंडू काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मध्यंतराला सगळे आत गेले, खुंटा तेवढा माझ्यावर येऊन बसला. धापा टाकत होता. काठावर नाही, अगदी मागे सरकून बसला. कोच त्याच्याजवळ आला आणि उभाच राहिला.

कोच म्हणाला, “पळ की थांब, मी तुला काही सांगणार नाही. मला ते जमायचं नाही.”

खुंट्याने मागे वळून प्रेक्षकांत बघितलं. मुलगी तिथे मैत्रिणीला चिकटून बसली होती.

“सर,” तो म्हणाला, “मला जरा उभं राहू द्या.”

दुसऱ्या हाफमध्ये तो उभा राहिला. बस्स. समोरचे जिथे जातील तिथे हा आधीपासून हजर. ते डावीकडून आले, परत गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. मग त्यांनी ती बाजूच सोडून दिली. सत्तावीस वर्षांत मी त्याहून सुंदर काही बघितलेलं नाही, आणि शपथेवर सांगतो, त्या पंचेचाळीस मिनिटांत बघण्यासारखं काहीही घडलं नाही. बरोबरीचा गोल भिंगरीने मारला. तो त्या वेळी तिथे असायला नको होता, नेहमीप्रमाणे. संघ वाचला. पोरांनी भिंगरीला खांद्यावर घेतलं.

पुढच्या गुरुवारी आकडेमास्तरने कागद काढला. दुसऱ्या हाफमधला खुंट्याचा आकडा हंगामातला नीचांक होता. शेवटी वय बोलतंच, असं म्हणत जावईबापूंनी मान हलवली. तोच छापील कागद घेतला, नाव बदललं, दोनाचे चार केले आणि मुदतवाढ भिंगरीला दिली. कोच गप्प बसला. त्याच्या स्वतःच्या कराराची बैठक पुढच्या गुरुवारी होती. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

खुंट्याने मुलीला माझ्यावर बसूनच सांगितलं.

“तू शब्द दिला होतास,” ती म्हणाली.

“हो.”

एवढंच. त्याने कारण सांगितलं नाही, तिने मागितलं नाही. ती रडली, आवाज न करता, आणि त्याचा हात पाठीवर आला तेव्हा तिने तो झटकला. मग थोड्या वेळाने म्हणाली, की यापुढे कुठे जायचं ते मी ठरवणार. खुंटा बरं म्हणाला. मला हात असते तर मी त्या वेळी काय केलं असतं कोण जाणे. लाकूड म्हणजे लाकूड. दुसऱ्या दिवशी ते गेले.

नव्या हंगामात आमची डावी बाजू म्हणजे कुणीही यावं, टपली मारून जावं. भिंगरी उजवीकडून डावीकडे मदतीला धावायचा, म्हणजे उजवी बाजूही मोकळी. त्याचा आकडा आता छताला लागला होता. गोलांचा खच पडल्यावर समितीने नवा डावा बचावपटू शोधायचं ठरवलं.

गेल्या गुरुवारी त्यांची माझ्यावरची शेवटची बैठक झाली. शेवटची, कारण माझ्या जागी गादीच्या, मान टेकायची सोय असलेल्या खुर्च्या येणार आहेत. जावईबापू माझ्यावर बसूनच माझ्याबद्दल बोलले, की याचा काही उपयोग नाही, नुसता एका जागी असतो.

तर आकडेमास्तरने लीगमधल्या सगळ्या डाव्या बचावपटूंची यादी यंत्राकडून लावून घेतली होती. सगळ्यात वर नाव खुंट्याचं. त्याच्या नव्या संघात दहाच्या दहा जण चुकीच्या जागी उभे राहतात, त्यामुळे एकट्याला दहा जणांचं निस्तरावं लागतं. बिचारा पळून पळून अर्धा झालाय. आकडा असा, की आकडेमास्तरने दोनदा तपासला.

कोच एवढा हसला की बसलेला घसा सुटला. जावईबापू हसले नाहीत. खुंट्यातला दम आपण आधीच ओळखला होता असं म्हणत त्यांनी तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

फोन मुलीने घेतला. बाबा सरावाला गेलेत, म्हणाली. जावईबापूंनी आपली ओळख दिली, दोन वर्षांचा करार तयार आहे, हवी तर तीन करू, असा निरोप दिला. फोनमध्ये मागून कुणीतरी मुलगी तिला हाक मारत होती, चल ना, उशीर होतोय.

“काका,” ती म्हणाली, “माझी शाळा संपायला अजून एक वर्ष आहे. तोपर्यंत आम्ही हलणार नाही. मग बघू. तेव्हा बाबा छत्तीस वर्षांचा असेल, चालेल ना तुम्हाला?”

जावईबापूंनी आकडेमास्तरकडे बघितलं. आकडेमास्तरने लॅपटॉपकडे बघितलं. ती आपली वाट बघत फोन धरून होती.

येत्या सोमवारी मला इथून हलवणार आहेत. कुठे, ते मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या फळ्या अजून धड आहेत. कुणी घरी नेणार असाल तर माझ्यावर कुंड्या ठेवा, लेकराबाळांच्या वह्या पसरू द्या, मी सुखाने राहीन. पण कळकळीची विनंती आहे, माझं बैठकीचं टेबल तेवढं करू नका.