राखेखाली उरलेली बुरशी

मी एक जुनी बुरशी आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. शिळ्या भाकरीवर बसते ती माझी लांबची भाऊबंद. मी उसाच्या पाचटात वाढलेली, कवठे येमाईच्या जालिंदर आप्पांच्या रानात.

ऊस तोडला की वाळलेला पाला रानभर पसरतो, तेच पाचट. मला तोंड नाही, म्हणून मी त्यावर पाचक रस सोडते. त्याला एन्झाइम म्हणतात. त्याने पाचटाची साखर होते आणि साखरेपासून गाड्यांचं इंधन. आहे की नाही गंमत?

आप्पांची लेक अपेक्षा रांजणगावच्या एका प्रयोगशाळेत माझ्यासारख्या बुरशा पाळते. पण तिथे पाचटाची साखर करायच्या टाकीची उष्णता एकीच्याही रसाला सोसेना. उन्हाळा संपेपर्यंत जमलं नाही तर काम बंद, असं साहेबांनी सांगून टाकलं. म्हणून तिने बांधाजवळ पाचटाचा ढीग कुजत ठेवला होता. कुजताना ढीग आतून तापतो, म्हणून उष्णता सोसणारी नवी बुरशी मिळाली तर त्यातच मिळणार होती.

तोडणीनंतर आप्पांनी दरवर्षीसारखं रान पेटवलं. वारं फिरलं आणि आग ढिगात शिरली. अपेक्षा आली आणि राखेपाशी बसली. आप्पा खाली मान घालून म्हणाले, "बुडख्यातनं खोडवा फुटायच्या आधी रान पेटवायचं, एवढंच मला ठावं. तुझं काम जळलं म्हंजी माझंच जळलं गं."

अपेक्षाने राख उकरायला घेतली. तळाशी ओलं, कढत पाचट होतं. माझ्या बहिणी गेल्या होत्या. मी मात्र चिवट, तिथेच चिकटून होते!

प्रयोगशाळेत तिने मला थोडी थोडी जास्त ऊब दिली. माझी कितीतरी लेकरं मेली, फार वाईट वाटलं. जी तगली, त्यांनाच तिने पुढे वाढवलं. मीही हट्टाला पेटले. अखेर आमचा रस टाकीत टिकला, पाचटाची साखर झाली आणि अपेक्षाचं काम वाचलं.

मित्रांनो, पाचट जाळू नका. धुराने तुमचेच डोळे चुरचुरतात, माती भाजते आणि आमच्यासारख्या मुक्या कामकऱ्यांची घरं जातात.

परवा अपेक्षाने फोन करून आप्पांना हेच सांगितलं. आप्पा म्हणाले, "औंदा काडी लावत न्हाई. पर एवढं समदं तुझी बुरशी खाईल का?"

आणा तर खरं, आप्पा. खाईन.