ओढ्याकाठचं कुंपण

माणसाने आकाश जिंकलं ते क्षितिजापलीकडच्या जगाला मिठी मारायला. थोरवाल्ड रिस्मोनला मात्र ओढ्यापर्यंतच जायचं होतं. धाकट्या भावाने, अँकरने, ओढ्याकाठचं कुंपण थोरल्याच्या शेतात किती घुसवलंय, तेवढं त्याला वरून बघायचं होतं.

"एकट्याला नेत नाही," गावोगाव पैसे घेऊन लोकांना विमानातून फिरवणारा पायलट पर्व्हिस म्हणाला. "पुढे दोघांचा बाक, मागे मी."

"दुसरा कोण?"

दुसरा अँकरच. तोही कुंपणच बघायला आला होता. बाप गेल्यापासून हे सख्खे भाऊ एकमेकांशी फक्त तिसऱ्यामार्फत बोलत.

"सांगा त्याला, चोराशेजारी मी बसत नाही," थोरवाल्ड पर्व्हिसला म्हणाला.

"मग चालत जा म्हणावं!"

"काका, शेवटची फेरी आहे. उद्या आयोवा सोडून मी नेब्रास्कात. बसताय, की इथेच भांडताय?"

बसले. पर्व्हिसने दोघांच्या पोटांवरून एकच पट्टा आवळला. विमान जुनंच होतं. नाकात इंजिन मात्र नवं बसवलं होतं. हे इंजिन असं गरजे, की शेजाऱ्याचं बोलणं सोडा, स्वतःचंही ऐकू येऊ नये. रिस्मोनांची त्याला हरकत नव्हती.

ओढा आला, पण विमानाच्या वर-खाली दोन पंखांपैकी खालचा आड येत होता. पर्व्हिसने विमान एका अंगावर कलतं केलं आणि सगळं कुंपण उघडं पडलं. रस्त्यापासून सरळ आलेली तार ओढ्यापाशी पोट सुटल्यासारखी फुगली होती. अँकरच्या शेतात.

पुरात जुनं कुंपण वाहून गेल्यावर ती तार थोरवाल्डने स्वतः ताणली होती. नजरेच्या अंदाजाने. मागून अँकरने ती आपल्या बाजूला सरकवली, असं धरून तो इतकी वर्षं भावाला चोर म्हणत आला होता.

तो बघत राहिला. मग इंजिनच्या भरवशावर, छाती फुटेस्तोवर ओरडला, "तुझीच आहे रे ती जमीन, गाढवा!"

नेमकं 'तुझीच'पाशी पर्व्हिसने उतरण्यासाठी इंजिन मंदावलं.

पुढचं सगळं आयोवाभर स्वच्छ ऐकू गेलं. पंखांमधल्या तारा शीळ घालत राहिल्या.

"काय म्हणालात, काका?" मागून पर्व्हिसने विचारलं.

चाकं गवताला लागली, विमान दोनदा उसळलं आणि थांबलं. थोरवाल्ड समोरच्या काचेकडे बघत बसून राहिला. आता भाऊ काय बोलेल, वकिलाचं नाव घेईल की बापाचं, याची वाट बघत.

अँकरने पट्टा सोडला. घसा खाकरला.

"माझ्या कोटावर बसलायस," तो पर्व्हिसकडे न बघता थेट भावाला म्हणाला. "जरा ऊठ."