गुंड्याची परवानगी

सासूला धक्का बसेल असं काही सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हातारीचं काळीज म्हणजे विरलेलं कापड, एक हिसका बसला तर उभं फाटेल. त्यामुळे जहाजावरचा नवरा भर समुद्रात बुडून गेल्याची बातमी आली, तेव्हा सुनेनं न्हाणीघराचा नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून जमेल तेवढं रडून घेतलं. बाहेर आली तर सासू पलंगावरून म्हणाली, एवढं पाणी कशाला घालवतेस? त्या दिवसापासून घरात अळीमिळी गुपचिळी.

सासूला दिसत नव्हतं, उठवत नव्हतं, पण कान असे तिखट की शेजारच्या खोलीत सुई पडलेली कळावी. रोज लेकाचा आवाज ऐकल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. तो बंदराबंदरातून बोलके निरोप पाठवायचा आणि सुट्टीवर आला की ते सगळे घरच्या कॉम्प्युटरवर भरून ठेवायचा. एकदा बायकोच्या हातून त्यातले काही उडाले. तेव्हा त्यानं सगळ्या फाईलींना रीड-ओन्लीची खूण लावून टाकली. म्हणजे ऐका हवं तेवढं, पण आत हात घालायचा नाही. फाईलींच्या मालकाच्या जागी त्यानं स्वतःचं घरातलं लाडाचं नाव टाकलं होतं, गुंड्या. बायको किती चिडली होती तेव्हा, आणि हा आपला पोट धरधरून हसत होता.

सून तेच निरोप एकेक करून लावायची. स्पीकरची वायर पलंगापर्यंत ओढायची आणि म्हणायची, आई, आज निरोप आलाय. पण माणूस गेला की त्याचे निरोपही संपतात, याचा तिनं कुठं विचार केला होता! सासू म्हणायला लागली, हा तर मागेच ऐकला, त्याला विचार येणार कधी ते. मग जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, मनानं उभारी धरली नाही तर काही खरं नाही.

आता सून शिवणकाम करणारी. कातरणं आणि जोडणं हा तिच्या हातचा मळ. एका निरोपात तो म्हणाला होता, "आई, येतो." दुसऱ्यात होतं, "लवकर झोपत जा." त्यातलं 'लवकर' कापून 'येतो'ला जोडायचं, एवढंच काम. म्हातारीला पुढे महिनाभर पुरेल. तिनं तसं जोडलं, सेव्हचं बटण दाबलं, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. पडद्यावर आलं, बदल करण्यासाठी गुंड्याची परवानगी घ्या.

बया! त्याला आता कुठं विचारायला जाऊ?

तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, ताई, हा तर पोरखेळ आहे. फाईलवर उजवं क्लिक करा, खूण काढा, मालकाच्या जागी तुमचं नाव घाला. तिनं सांगितलं तसं केलं. फाईल पुन्हा उघडली तर खूण जागच्या जागी आणि मालक गुंड्या. कॉपी केली, तर कॉपीवरही तीच खूण. वेगळ्या नावानं सेव्ह करून पाहिली. फाईल झाली, पण आत शब्दच नव्हते. नुसतं कुणीतरी श्वास रोखून थांबल्यासारखं काहीतरी, आणि ते ऐकून तिनं घाईनं फाईल बंद केली.

शेवटी दुरुस्तीवाला स्वतः आला. आधी व्हायरसला शिव्या घातल्या, मग खूण काढली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती परत उमटली. कुठलीशी यादी उघडून तो बराच वेळ बघत राहिला. समोरचं पाणी तसंच ठेवून उठला आणि दारात चप्पल घालता घालता म्हणाला, "ताई, घरात हे गुंड्या कोण? त्यांचं खातं आत्ता चालू आहे. कुणीतरी वापरतंय."

सुनेनं 'माझा नवरा' एवढंच सांगितलं. आहे की होता, ते तिच्या तोंडून निघेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा बसली. भीती होतीच, पण पलीकडे म्हातारी न खाता झुरत होती, तिला तसं कसं सोडायचं? हिनं खूण काढायची, ती परत यायची, पुन्हा काढायची, पुन्हा यायची. तिच्या नाकी नऊ आले. आतल्या खोलीत सासू हळू आवाजात काहीतरी बोलत होती. झोपेत बरळत असतील, असं हिला वाटलं. बोलणं थांबलं. हिनं सेव्ह दाबलं, आणि या वेळी कुणाची परवानगी लागली नाही. फाईल निमूट सेव्ह झाली.

जीव भांड्यात पडला. तिनं स्पीकर नेला, म्हणाली, आई, निरोप आलाय. "आई, येतो लवकर." आवाज अगदी त्याचाच. टाक्याची खूणही कुठं दिसत नव्हती.

सासू हसली नाही. तिनं चाचपडत सुनेचा हात धरला.

"हे 'लवकर' त्या 'झोपत जा'च्या आधीचं ना?"

सुनेनं स्पीकर खाली ठेवला.

"दुपारी तो आला होता. म्हणाला, आई, ती माझं बोलणं कापतेय, कापू देऊ का? मी म्हटलं, दे बाबा एकदा कापू. तिला तेवढाच आधार."

"आई, तुम्हाला…"

"तू नळ सोडला होतास ना, तेव्हापासून माहितेय. त्याच दिवशी इथं पायथ्याशी येऊन बसला, ओलाचिंब. मला कळलंय हे तुला कळलं असतं, तर तू सकाळी उठली असतीस का? कुणासाठी उठली असतीस? म्हणून तर रोज निरोप मागत राहिले." म्हातारीनं तिला जवळ ओढलं. "रड आता. मोठ्यानं रड. नळ नको सोडूस."

आणि सून रडली. त्या घरात पहिल्यांदा गळा काढून रडली, सासूच्या कुशीत तोंड खुपसून. सासूही रडली, आणि ते विरलेलं काळीज फाटलं नाही.

बऱ्याच वेळानं सासू म्हणाली, जा, ते होतं तसं कर. पुन्हा कापू नकोस. कापताना त्याला दुखतं.

सून डोळे पुसत कॉम्प्युटरपाशी गेली. जोडलेला शब्द उसवायचा आणि खूण लावायची म्हणून तिनं फाईल उघडली. निरोपात 'आई, येतो' एवढंच होतं. खूण आधीच लागलेली होती. आणि खुर्चीची बैठक, तिनं हात टेकला तेव्हा, ओली लागली.