पहिलं नको

सकाळपासून वैजयंतीचं डोकं चालेनासं झालं होतं. आहारतज्ज्ञ म्हणून तिची उभी हयात लंडनजवळच्या हॅरोतल्या लोकांना काय खावं ते सांगण्यात गेली, आणि आता म्हणे सांगायचंच नाही, नुसतं विचारायचं. मधुमेह टाळायला लोकांना मदत करणारे कोच हवेत, त्या कोचना शिकवायला डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ हवेत, आणि त्यांनाही आधी कुणीतरी शिकवायला हवं, असं हे प्रशिक्षण. कोण कुणाला शिकवतंय, हेच तिला सकाळी दोनदा विचारावं लागलं होतं.

आज तिची परीक्षा होती. रुग्णाशी कसं बोलावं ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं. मराठी घरांसाठीचा गट, म्हणून मराठीतूनच. रुग्ण झाली होती त्यांना शिकवणारी शाल्मली, इथेच जन्मलेली, वैजयंतीच्या मुलीच्या वयाची.

"रोज थोडं चालायला जमेल का?" वैजयंतीने विचारलं.

"नको."

"बरं, जेवणानंतर दहाच मिनिटं?"

"नको."

"अहो, कोपऱ्यापर्यंत तरी. माझ्यासाठी."

"नको." शाल्मलीने पेन खाली ठेवलं. "वैजयंतीकाकू, मी तीन वेळा नको म्हटली. तुम्ही ऐकलंच नाही. सॉरी, आज पास नाही करू शकत. नेक्स्ट वीक परत ट्राय करा."

ऐकलं नाही कसं? चांगलं ऐकलं. पण पहिल्या 'नको'ला कुणी नको समजतं का? पहिलं रीत म्हणून, दुसरं संकोचाने. एवढी साधी गोष्ट या पोरीला तिच्या आईने शिकवू नये, याचाच तिला राग आला.

तिचा खरा घोर घरी होता. नवऱ्याची, जयंतची साखर मधुमेहाच्या उंबऱ्यावर येऊन ठेपली होती. घरात साखरेचा डबा नाही, पांढरा भात नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, मेथी. तरी प्रत्येक तपासणीत आकडा वरच. दिव्याखालचा हा अंधार तिला काही केल्या उमगत नव्हता, आणि भीतीही वाटत होती.

संध्याकाळी ती त्याला वाढत होती.

"अजून एक घे."

"नको."

"ज्वारीची तर आहे."

"नको गं." जयंतने ताटावर हात आडवा धरला आणि, नेहमीसारखाच, काढूनही घेतला.

भाकरी ताटात टाकता टाकता वैजयंती थांबली. "जयंत, तुला खरंच नको असते?"

हे काय नवीन, असा त्याचा चेहरा. "रोजच नको असते."

"मग खातोस कशाला?"

"तू वाढतेस ना. नाही घेतली की तुझं तोंड उतरतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाकरी तिने टोपलीत परत ठेवली. आता रिकाम्या हातांनी याच्याजवळ बसायचं कसं, हे मात्र तिला कळेना.