एलिनची आई पुन्हा एकदा वारली

आमच्या स्टुडिओच्या अधिकृत माहितीनुसार नटी एलिन हार्टची आई तिला जन्म देतानाच वारली होती. व्हर्जिनियातल्या एका हवेलीत, संगमरवरी जिन्याच्या घरात. प्रत्यक्षात ती नेब्रास्कात कोंबड्या पाळत होती, तिच्या मुलीचं खरं नाव अल्बिना स्क्लेनार होतं, आणि अधूनमधून ती मुलीला खसखशीच्या गोड पावांचा डबा पाठवायची. करारात वजन वाढू न देण्याचं कलम होतं. त्यामुळे अल्बिना डबा उघडून नुसता वास घ्यायची आणि आमच्या प्रसिद्धी विभागात आणून ठेवायची. व्हर्जिनियाची ती हवेली आम्ही ह्याच विभागात कागदावर बांधली होती. पाव खात खात.

करार सात वर्षांचा. दर सहा महिन्यांनी स्टुडिओ तिला काढून टाकू शकत होता. तिला मात्र स्टुडिओ सोडता येत नव्हता. "लग्नच की एक प्रकारचं," असं आमचे वकील म्हणत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे घटस्फोट झालेले होते.

अल्बिनाला सगळं यायचं, फक्त रडू यायचं नाही. आणि दिग्दर्शक ब्रॅडवेलला अश्रूंसाठी ग्लिसरीन चालत नसे. "ग्लिसरीन गालावरून सरळ घसरतं," तो म्हणायचा, "खरं पाणी अडखळत येतं." म्हणून पहिल्याच चित्रपटाच्या वेळी त्याने कॅमेरा सुरू करायला सांगून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरी, नेब्रास्काहून फोन होता. आई गेली तुझी."

ती कोसळली. शॉट अप्रतिम झाला. मग ब्रॅडवेलने तिच्या कपाळाचा मुका घेतला, खिशातून चॉकलेट काढून दिलं आणि म्हणाला, "खोटं होतं गं. ठणठणीत आहे आई."

दुसऱ्या खेपेला तिला ते खोटं असल्याचं माहीत होतं. तरीही ती रडली. मग प्रथाच पडली. रडण्याचा प्रसंग असला की सेटवरचे लोक म्हणायचे, "आज एलिनची आई जाणार." तीही मेकअप करून घेताना विचारायची, "काय हो, जेवणाआधी जाणार की जेवणानंतर?"

त्या वसंतात आई खरोखरच आजारी पडली. अल्बिना रजा मागायला वरच्या ऑफिसात गेली. तिथल्या साहेबांनी तिची फाईल उघडून पाहिली.

"मिस हार्ट, तुमची आई तर कधीच वारली आहे."

"ती तुमची. माझी अंथरुणावर आहे."

"आणि एखाद्या पत्रकाराने तुम्हाला कोंबड्यांत पाहिलं तर? चित्रपट संपू द्या, मग जा."

न विचारता गेली असती तर पगार बंद, आणि गैरहजेरीचे दिवस कराराच्या शेपटाला जोडले गेले असते. विनोदी चित्रपट होता, थोडाच उरला होता. "आई थांबेल," ती मला म्हणाली. "हट्टी आहे."

शेवटच्या आठवड्यात तिचा भाऊ एमिल ह्याचा फोन आमच्या विभागात आला. "अल्बीला सांगा, आई पहाटे गेली. शुद्धीवर होती. अल्बी निघाली का, एवढंच विचारत होती."

मी सेटवर धावत गेलो. ती नवरीच्या पोशाखात कारंज्याच्या कठड्यावर बसली होती. मी सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसायला लागली.

"क्लेम, तूसुद्धा? अरे, आज मला रडायचं नाहीये, कारंज्यात पडायचंय! ब्रॅडवेल म्हाताऱ्याला सांग, पटकथेची पानं चुकली तुमची."

"अल्बिना, एमिलचा फोन होता."

"वा! एमिललाही घेतलंत? सुधारताय हं."

ब्रॅडवेल जवळ आला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भरलेल्या कारंज्याकडे.

"आधी शॉट," तो म्हणाला.

ती हसत हसत पाण्यात पडली. सगळा सेट हसला. एका दमात शॉट झाला. तिच्या कारकिर्दीतलं ते सर्वांत चांगलं हसू आहे. जाहिरातीतही आम्ही तेच वापरलं.

"कट."

ती निथळत बाहेर आली आणि सवयीने ब्रॅडवेलसमोर कपाळ पुढे करून उभी राहिली.

"म्हणा ना."

ब्रॅडवेलने नजर कारंज्याकडे वळवली.

"अहो, शॉट झाला. म्हणा ना आता."

त्याचा हात आपोआप खिशात गेला. त्याने चॉकलेट बाहेर काढलं आणि धरून राहिला. तिने बराच वेळ त्या चॉकलेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"क्लेम, एमिल काय म्हणाला? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. आई काय विचारत होती तेही. ती रडली नाही. केसांतलं पाणी गालांवरून सरळ खाली घसरत होतं, कुठेही न अडखळता.

त्यानंतर तिला कोणीच रडवू शकलं नाही. पुढच्या चित्रपटात ब्रॅडवेलने निमूट ग्लिसरीन मागवलं आणि पानगळीत स्टुडिओने करार पुढे चालवला नाही. आम्ही पत्रक काढलं: मिस हार्ट विश्रांतीसाठी व्हर्जिनियातल्या हवेलीत परतल्या आहेत. कुणीतरी सुचवलं, आई गेल्याचं घालू या, लोकांना वाईट वाटेल. पण ते घालता येईना. आमच्याकडे ती आधीच वारलेली होती.