चांगुणाबाईंचा उजवा बूट

मी चांगुणाबाईंच्या उजव्या पायातला बूट. डावाही इथंच ओट्यावर माझ्या शेजारी आहे, पण त्याला काही विचारू नका. तो जन्माचा निवांत गडी. घातलं की पळायचं, काढलं की पडून राहायचं. काळजी करायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडं. आणि सध्या तर माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

माझा जन्म कारखान्यातला, तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते नगरचं दुकान. मागच्या वर्षी ऊसतोडणी जोरात असताना चांगुणाबाईंचा मुलगा तुषार सुप्याच्या कंपनीतून सुटून तिथं आला आणि आम्हा दोघांना राहुरीजवळच्या वस्तीवर घेऊन गेला. आईला शुगर निघाली होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं.

खोका उघडल्यावर बाईंनी आम्हाला लांबूनच पाहिलं. "ह्या वयात बूट? लोक म्हनतील, म्हातारी पोलिसात भरती व्हायला निघाली!"

"म्हनू द्या की आत्या," सून प्रज्ञा हसली. सासूला ती आत्या म्हणते.

बाईंचा सगळा जन्म रानात अनवाणी गेलेला. पहिल्या दिवशी आमच्यात पाय घालून त्या बदकासारख्या चालल्या. साडी वर खोचलेली, पायात तुषारचे जुने काळे मोजे. दूधवाले गाडी हळू करून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण बाई बघायच्या नाहीत कुणाकडं.

पळणं सुरू झालं ते एका कुत्र्यामुळं. कॅनॉलच्या रस्त्यावर ते मागं लागलं आणि बाई जीव खाऊन पळाल्या. कुत्रं कंटाळून थांबलं, बाई थांबल्याच नाहीत! घरी येऊन म्हणाल्या, "प्रज्ञा, लई हलकं वाटलं गं." दुसऱ्या दिवशी कुत्रं नसतानाही पळाल्या. मग रोजच. प्रज्ञा स्कुटीवर मागं मागं असायची.

रोज सकाळी आम्हाला पायरीवर उलटं धरून थाड थाड आपटायचं, ही बाईंची सवय. विंचू असला तर पडावा म्हणून. रानात राहणारं माणूस जोडा झटकल्याशिवाय पायात घालत नाही. माझं डोकं भणभणायचं, पण तक्रार नाही. फक्त एवढंच वाटायचं, की बाईंनी एकदा आत हातही घालून बघावा.

कारण माझ्या मनात एक धास्ती बसली होती. सुरुवातीला वाळूचा कण आत आला तरी बाई थांबून मला काढायच्या. पावसाळा सरला आणि एके दिवशी चांगला हरभऱ्याएवढा खडा आत शिरला. बाई तशाच पळाल्या. घरी मोजा काढताना तो बाहेर पडला, तेव्हा केवढ्या खूश झाल्या! "बघ, पाय कसा घट्ट झालाय. खडा बी लागत न्हाई आता!"

प्रज्ञानं कौतुकानं टाळ्या वाजवल्या. डावाही फुशारला. मी मात्र गार पडलो. अहो, घट्ट पायाची मला ओळख आहे. घट्ट पाय खड्यावर पडला तरी जरासा कचरतो. हा कचरतच नव्हता.

यंदा सावित्रीमाईंच्या जयंतीला तालुक्यात बायकांची दौड झाली. पाच किलोमीटर. बाई कुठंही न थांबता पळाल्या. गळ्यात पदक घातलं, पुढ्यात आलेला पेढा नको म्हणून परत केला. संध्याकाळी ओट्यावर सासू-सुना वर्षाची उजळणी करत बसल्या. शुगर किती उतरली, दम कसा वाढला, कोण कोण हसलं आणि आता कोण कोण "आमाला बी सांगा की" म्हणतं.

"आता पुढच्या वर्षी काय?" प्रज्ञानं विचारलं.

"नगरला धा किलोमीटरची हाय म्हनं."

"आत्या, दुप्पट!"

"व्हय, दुप्पट. मंग? उद्यापासनं जरा जास्त पळायचं."

मलाही अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात कॅनॉलच्या कडेची बाभूळ कुणीतरी तोडली आणि फांद्या रस्त्यातच टाकल्या. बाईंचा पाय पडला. काटा माझ्या तळातून आरपार वर गेला, थेट अंगठ्याखाली. मी वाट बघितली. आता ओरडतील, आता थांबतील. बाई पळतच राहिल्या! प्रत्येक पावलाला काटा आत जात होता आणि बाई श्वास मोजत होत्या. अहो, थांबा हो! पण बुटाला तोंड कुठलं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा थाड थाड. विंचू नव्हता. काटा होता, पण तो रुतलेला, कसा पडणार? काळ्या मोज्यावर रक्त दिसत नव्हतं. तळपाय बघायला बाईंना वाकवत नाही. तीन-चार दिवस असे गेले, आणि नव्या ध्यासापायी बाई रोज थोडं जास्तच पळाल्या.

रविवारी प्रज्ञानं आम्हाला धुवायला घेतलं. माझ्यात हात घातला आणि किंचाळली, "आई गं!"

जो शब्द चार दिवस मी बाईंच्या तोंडून ऐकायला तडफडत होतो, तो सुनेच्या तोंडून आला. बोटाचं रक्त तसंच ठेवून ती धावली आणि सासूचा पाय मांडीवर घेतला.

"काय न्हाई गं, कशाला घाबरती?" बाई हसत होत्या. मग प्रज्ञानं पाय वळवून तळवा दाखवला. बाईंचं हसू मावळलं.

"प्रज्ञा, मला कळलं कसं न्हाई गं?"

डॉक्टरांनी सांगितलं, शुगरनं पाय बधिर झालाय. जखम आतपर्यंत गेलीय, पाय टेकवायचा नाही. अंगठा वाचतो का, की पायावरच बेततंय, ते पट्टी सोडल्यावर बघू.

तेव्हापासून बाई खाटेवर आहेत. रोज सकाळी मला मागून घेतात, मांडीवर ठेवतात आणि आत हात घालून कोपरा न् कोपरा चाचपतात. काट्याच्या भोकाशी बोट थांबतं. काल म्हणाल्या, "हाताला कळतंय गं अजून." मग म्हणाल्या, "धा किलोमीटर ऱ्हाऊ दे. आधी पाय ऱ्हाऊ दे."

तुमच्या घरात कुणाला शुगर असेल, तर एवढं ऐका. बूट नुसता झटकून भागत नाही. आत हात घाला. आणि काही लागलं नाही, टोचलं नाही, म्हणून कुणी खूश होत असेल, तर त्याचा पाय मांडीवर घेऊन बघा.

आज पट्टी सोडायचीय. बाईंना घेऊन गाडी सकाळीच गेली. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, तरी अजून परत आली नाही. मघाशी डाव्यानं, ज्यानं जन्मात कधी कशाची काळजी केली नाही त्यानं, मला हळूच विचारलं, "आपण दोघंही लागणार ना रे त्यांना?"

मी रस्त्याकडं बघत बसलोय.