आमेनकाकांचा शुक्रवारचा तास

नात दोन मिनिटांत झोपली तेव्हा पाळकसाहेबांना आधी बरं वाटलं, आणि मग काळजीच लागली. ते काही तिला अंगाई म्हणत नव्हते. शुक्रवारच्या तासाचं व्याख्यान मोठ्यानं वाचून बघत होते.

"पप्पा, रोज याच वेळेला वाचत जा," दुधाची बाटली विसळता विसळता त्यांची मुलगी म्हणाली. "माझी भांडी तरी उरकतील."

"वर्गातली पोरंही अशीच झोपतात. तोंड उघडं टाकून."

चोवीस वर्षं त्यांनी एकाच चर्चची मंडळी सांभाळली होती. बाप्तिस्मे दिले, लग्नं लावली, माणसं मातीआड केली. आणि आता पन्नाशी उलटल्यावर सेमिनरीत, पाळक घडतात त्या शाळेत, उपदेश कसा करावा हे शिकवायला आले होते. वर्षाच्या बोलीवर. शुक्रवारी प्राचार्य मागच्या बाकावर बसून तास ऐकणार होते आणि राहायचं की जायचं ते त्यावरून ठरणार होतं. जायचं तरी कुठे? जुन्या मंडळीत नवा पाळक आला होता. त्याच्या बायकोनं चर्चच्या घराचे पडदेसुद्धा बदलले होते.

पहिल्याच तासाला त्यांनी घोळ घातला होता. घंटा झाली आणि चोवीस वर्षांच्या सवयीनं डोळे मिटले, दोन्ही हात वर गेले, खणखणीत आवाजात आशीर्वाद देऊन झाला. "आमेन" म्हणून डोळे उघडले, तर अर्धा वर्ग दाराबाहेर आणि उरलेला हसू दाबून लालेलाल. तेव्हापासून ते आमेनकाका. तेव्हापासून घंटा झाली की त्यांचे हात आपसूक खिशात जात. आपण पडलो साधे पाळक, प्राध्यापकासारखं बोलायला हवं, म्हणून त्यांनी जाड जाड पुस्तकांतून टिपणं काढली होती.

मुलीनं त्यातलं एक पान उचललं. "यात तुमचं काय आहे, पप्पा?"

"माझं काय असणार?"

"मग तुम्हाला कशाला बोलावलं त्यांनी? पुस्तकं तर त्यांच्या कपाटात आधीच होती."

त्यांनी ते पान तिच्या हातून घेऊन परत गठ्ठ्यात सारलं.

शुक्रवारी प्राचार्य आले, मागच्या बाकावर बसले, पेनाचं टोपण काढलं. विषय होता दफनविधीचा उपदेश. पहिलं पान संपेपर्यंत खिडकीजवळच्या उंच पोराचं तोंड उघडलं, अगदी नातीसारखं. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या पानांकडे पाहिलं, आणि पानं पालथी घातली.

"एक शिंपी वारला," ते म्हणाले. "तुम्ही त्याचे पाळक. त्याची बायको दारातच सांगते, 'ते चांगले होते असं तेवढं म्हणू नका. नव्हते ते.' उद्या दहा वाजता दफन आहे. काय बोलाल?"

उंच पोराचं तोंड मिटलं.

"देव क्षमा करतो, असं सांगू," पुढच्या बाकावरची विद्यार्थिनी म्हणाली.

पाळकसाहेबांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले, आणि बघता बघता शिंप्याची बायको झाले. "देव करेल हो बाई. त्याला काय, त्याच्या कपबशा नाही फुटल्या."

वर्ग खो खो हसला. मग हसणं विरलं.

एकेक जण पुढे आला. कुणी वचन वाचलं. कुणी म्हणालं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. "म्हणजे थडग्यापाशी खोटं बोलावं?" दुसऱ्यानं अडवलं, आणि बाकांबाकांत अशी जुंपली की मागून प्राचार्यांनीही हात वर केला. त्यांचंही उत्तर शिंप्याच्या बायकोनं परतवून लावलं.

शेवटी उंच पोरगा न राहवून म्हणाला, "सर, तुम्ही काय बोललात?"

"मी आधी काहीच बोललो नाही. त्याच्या दुकानात जाऊन बसलो. लहान मुलांचे कपडे टांगलेले होते. उलटे करून पाहिले. प्रत्येकाच्या आत तीन बोटं जास्तीचं कापड दुमडलेलं. पोर वाढलं की उसवून सोडता यावं म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्याला." ते थांबले. "दुसऱ्या दिवशी मी एवढंच बोललो. की या माणसानं घरात फार दुखावलं, ते त्याच्या घरच्यांना ठाऊक आहे आणि देवालाही. आणि हेही की दुसऱ्याचं पोर वाढणार, यावर त्याचा विश्वास होता. त्याची बायको तेव्हा पहिल्यांदा रडली."

उंच पोरानं वही पुढे ओढली.

"उपदेश लिहिण्याआधी जाऊन बसा," ते म्हणाले. "मला येतं ते इतकंच."

घंटा झाली. आणि खिशातून हात कधी निघाले ते त्यांना कळलंच नाही. डोळे मिटलेले, हात वर, आशीर्वाद ओठांवर आला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, मेलो! पण आता मागे कसं फिरायचं? पूर्ण करून टाकला.

"आमेन!" अख्ख्या वर्गाचा आवाज आला.

डोळे उघडले, तर सगळे उभे. दार बंद. मागच्या बाकापाशी प्राचार्यही मान लववून उभे, पेनाचं टोपण अजून हातात.

बाहेर पडताना प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षी आठवड्याला दोन तास घ्या. आणि ते शिंप्याच्या बायकोला मी काय सांगायला हवं होतं, ते एकदा निवांत बोलू."

घरी पोचल्यावर पाळकसाहेबांनी बूटसुद्धा काढले नाहीत. नातीला उचलून सगळा तास पहिल्यापासून सांगितला, शिंप्याच्या बायकोच्या आवाजासकट.

"पप्पा, आता झोपवा तिला," मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कशी झोपेल?" ते ऐटीत म्हणाले. नात टक्क डोळे उघडून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.